पगार थांबल्यावरचा होकार

ऑगस्ट 2024, राखी पौर्णिमेनंतरचा आठवडा. नाशिकरोडच्या आमच्या कायदा सल्ला केंद्रात दोघं आली. गृहस्थ 68 वर्षांचे, प्रेसमधून निवृत्त, पत्नी वारलेली. बाई 46 वर्षांच्या, सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या, नवरा वारलेला, आणि त्या गृहस्थांच्याच घरी चोवीस तासांच्या कामाला. लग्न करायचं ठरवून आली होती. बोलणं सगळं गृहस्थच करत होते. ते थांबल्यावर मी बाईंना म्हटलं, तुम्हाला काही विचारायचंय का? त्यांनी एवढंच विचारलं: "लगीन केलं तर माझे दीड हजार बंद होतील का?"

लाडकी बहीण योजनेच्या पहिल्या दोन हप्त्यांचे तीन हजार त्याच पंधरवड्यात त्यांच्या खात्यात आले होते. गृहस्थांचा चेहरा पडला. माझी सहकारी हसू दाबत होती. मला मात्र त्या प्रश्नामुळेच बाई आवडल्या. घरात सरकारी निवृत्तिवेतन घेणारं कोणी असलं की या योजनेचा लाभ मिळत नाही, त्यामुळे उत्तर सरळ होतं: हो, बंद होतील. त्यांनी मान हलवली. "मग इचार करावा लागंल," म्हणाल्या.

हे प्रकरण लिहायला दोघांची परवानगी आहे. पाडा, कॉलनी, मुलांच्या नोकऱ्या असे ओळख पटवणारे तपशील बदलले किंवा गाळले आहेत. पुढे त्यांना काका आणि ताई म्हणते, कारण केंद्रात आम्ही तसंच म्हणायचो. 'काका आणि ताईंचं लग्न' हे ऐकायला विचित्र वाटतं याची कल्पना आहे. कॉलनीत यावरून विनोद करून झालेले आहेत.

दोन घरं

नाशिकरोडला नुसतं 'प्रेस' म्हटलं की पुरतं. 1925 ची सिक्युरिटी प्रेस आणि 1928 ची नोट प्रेस, या दोन कारखान्यांवर इथल्या तीन-चार पिढ्या पोसल्या. प्रेसमधली नोकरी म्हणजे जावई पसंत करायला पुरेसं कारण असायचं. काकांची सगळी नोकरी नोटा तपासण्यात गेली. छापलेल्या तावात शाई कुठे फुटली, आकडा कुठे सरकला, हे बघायचं. त्या सवयीने ते अजूनही कुठलाही कागद हातात घेतला की आधी उजेडाकडे धरतात. माझ्या टेबलावरचा अर्जाचा नमुनासुद्धा त्यांनी तसाच धरून पाहिला. जेल रोडला दोन खोल्या-हॉल-किचनचा फ्लॅट, मुलगा बंगळूरला, मुलगी पुण्यात. जानेवारी 2019 मध्ये काकूंना अर्धांगवायूचा झटका आला आणि पेशंट सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोकडून ताई आल्या.

ताईंचा नवरा 2014 च्या पावसाळ्यात तापाने घरीच गेला. रस्ता वाहून गेला होता, दवाखान्यात नेता आलं नाही. पदरी एक मुलगी, एक मुलगा. मुलगा आश्रमशाळेत. सुरगाणा-पेठकडची माणसं भाताची कापणी झाली, दिवाळी झाली की टोळीने खाली उतरतात. दिंडोरी, निफाड, गिरणारे भागातल्या द्राक्षबागा याच हातांवर चालतात. विरळणी, डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, पेपर लावणं, माल तोडणं. ताईंनी काही हंगाम ते केलं. मार्च 2018 मध्ये नाशिकच्या सीबीएस म्हणजे जुन्या बसस्थानकाच्या चौकातून निघालेल्या शेतकऱ्यांच्या लाँग मार्चमध्ये त्या मुंबईपर्यंत चालत गेल्या, सुमारे 180 किलोमीटर. मागणी वनहक्काची, म्हणजे कसत असलेली वनजमीन नावावर करण्याची होती, आणि ताईंच्या कुटुंबाचा दावाही त्याच रांगेत अडकलेला होता. पुढे पाड्यावरचीच एक बाई नाशिकला पेशंट सांभाळायच्या कामाला होती, तिच्या ओळखीने त्या ब्युरोत आल्या. जेवून-राहून महिना पंधरा हजार, त्यातून ब्युरोचं कमिशन जाणार.

काकू अंथरुणावर होत्या त्या दोन-अडीच वर्षांबद्दल दोघंही कमी बोलतात. काकूंना कुशीवर वळवणं, नळीतून भरवणं, पाठीला जखम होऊ न देणं, यात दिवस जायचा. मार्च 2020 मध्ये सगळं बंद झालं. बदली बाई येईना, ताईंना गावी जाता येईना. तीन माणसं एका फ्लॅटमध्ये. दुपारी काकू झोपल्या की काका ताईंना वाचायला शिकवायचे. ब्युरोच्या कागदावर त्या अंगठा देत, ते काकांना खटकायचं. पाटी-पुस्तक आणायला दुकान उघडं नव्हतं, म्हणून त्यांनी दहाची नोट काढली. नोटेच्या मागच्या बाजूला पंधरा भाषांची पट्टी असते, वरून आठवी ओळ मराठी. 'दहा रुपये'. मग वीसची, मग पन्नासची, मग शंभराची. ताई म्हणतात, "द, ह, र, प हे मला नोटेवरनं आले. क, ख मागून आले." काकांना पाचशेच्या नोटेपर्यंत शिकवता आलं. त्यानंतर वर्तमानपत्र सुरू झालं.

काकू 2021 च्या उन्हाळ्यात गेल्या. तेरावं झाल्यावर ताई दुसऱ्या पेशंटकडे गेल्या. नोव्हेंबर 2022 मध्ये काकांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा मुलाने ब्युरोला फोन केला आणि काकांनी सांगितलं, बाई हव्या तर त्याच. वॉकर धरून पहिल्यांदा जिन्याशी आले तेव्हा काका हटून बसले होते. ताईंनी त्यांना ऐकवलं: "मी पायाला फोड घेऊन कसारा घाट उतरलेय. तुम्ही बारा पायऱ्या उतरा."

काका हे वाक्य कोणालाही सांगतात. त्यांच्या मते सगळं तिथेच सुरू झालं. ताईंच्या मते कधी सुरू झालं, हे त्यांनी मला सांगितलेलं नाही, आणि मीही खोदून विचारलं नाही.

पेच कुठे होता

प्रकरण माझ्याकडे आलं तेव्हा काकांच्या मनात अडचणींची यादी तयार होती: मुलं, जात, वय, लोक काय म्हणतील. ती यादी खोटी नव्हती. पण मला अडचण वेगळीच दिसत होती, आणि ती दोघांच्या मध्ये होती. एक माणूस दुसऱ्याला दर महिन्याला पगार देतो, आणि त्याच घरात राहायला जागाही देतो. असा माणूस लग्नाचं विचारतो तेव्हा समोरचीला नाही म्हणायची कितपत सोय असते? काकांनी वर्षाच्या सुरुवातीला विचारलं होतं. ताई काही दिवस गप्प होत्या. मग त्यांनी एकदा "तुम्ही म्हणाल तसं" असं म्हटलं आणि काकांनी तो होकार धरला.

मी दोघांशी वेगवेगळं बोलले. ताईंना विचारलं, नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं? त्यांनी आधीच हिशेब करून ठेवलेला होता: "नाही म्हटलं तर काम जातं. हो म्हटलं तर पगार जातो."

काका वाईट माणूस अजिबात नाहीत. त्यांनी कधी आवाज चढवला नाही, पगार एक दिवस उशिरा केला नाही. पण चांगल्या मालकाला नाही म्हणणं कधीकधी वाईट मालकाला नाही म्हणण्यापेक्षा अवघड असतं, कारण वर उपकाराचं ओझंही येतं. अशा प्रकरणांत मुलांना कसं समजवायचं याकडे सगळे धावतात. मी आधी पगार बाजूला काढते.

म्हणून सुचवलं ते असं. ताईंनी काकांकडचं काम सोडायचं. दुसरीकडे काम धरायचं, दुसरीकडे राहायचं. सहा महिने काकांनी त्यांना एक रुपयाही द्यायचा नाही, भेटवस्तू नाही, मोबाइलचा रिचार्जसुद्धा नाही. भेटायला, बोलायला पूर्ण मोकळीक. सहा महिन्यांनी ताई हो म्हणाल्या तर मी कागदपत्रांना हात लावेन.

काका चिडले. "म्हणजे माझ्यावर विश्वास नाही तुमचा?" म्हणाले. मी म्हटलं, प्रश्न तुमच्या हेतूचा नाही, त्यांच्या खिशाचा आहे. ताई मात्र लगेच तयार झाल्या, इतक्या लगेच की काका घाबरले. मला वाटतं, आपल्याला नकार मिळू शकतो हे त्यांना त्या क्षणी पहिल्यांदा कळलं.

सहा महिने

ताईंना गंगापूर रोडला एका आजींकडे बारा तासांचं काम मिळालं. रात्री सातपूरला मुलाच्या खोलीवर. मुलगा आयटीआय करून एमआयडीसीत ठेकेदाराकडे आहे, दोन मित्रांबरोबर पत्र्याच्या खोलीत राहतो. आई आली तेव्हा मित्र शेजारच्या खोलीत गेले.

काका रविवारी सिटीलिंकच्या बसने नाशिकरोडहून सातपूरला जायचे. गुडघा नवा, सवय नाही, मधे बस बदलायची. घरी बोलावणं शक्य नव्हतं म्हणून दोघं चहाच्या टपरीवर बसत, नाहीतर कॉलनीच्या मैदानात. पाड्यावरच्या ओळखीच्या बाईने आणलेलं नागलीचं पीठ ताई त्यांना देत. काका ते घेत. पैसे द्यायचे नाहीत हा नियम होता, पीठ घ्यायचं नाही असा नव्हता.

या काळात सगळ्यात टोकदार हरकत आली ती ताईंच्या मुलाकडून. तो कामाच्या कपड्यांतच केंद्रात आला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "मॅडम, पगार वाचवायला लग्न करतायत. आत्ता पंधरा हजार द्यावे लागतात. बायको केली की फुकटात. पाच-सात वर्षांनी ते अंथरुणाला खिळणार, तेव्हा माझी आई परत तेच करणार."

या पोराने मांडला तेवढा नेमका मुद्दा या प्रकरणात दुसऱ्या कोणी मांडला नाही. काकांच्या शिकलेल्या मुलांनीही नाही. त्याच्याशी वाद घालण्यासारखं काही नव्हतं. मी त्याला विचारलं, काय केलं तर तुझं समाधान होईल? विचार करून तो पुढच्या आठवड्यात तीन गोष्टी घेऊन आला. धुण्याभांड्याची बाई आहे ती बंद करायची नाही. काका आजारी पडले तर ब्युरोची बाई किंवा माणूस लावायचा, आईने बघितलं तर तिच्या मर्जीने. आणि दर महिन्याला ठरलेली रक्कम आईच्या स्वतःच्या खात्यात जमा व्हायची, तिचा हिशेब कोणी मागायचा नाही. काकांनी तिन्ही गोष्टी स्वतःच्या अक्षरात लिहून दिल्या. अशा कागदावर कोर्टात काय निभावेल हा भाग वेगळा. मुलाने तो घडी घालून पाकिटात ठेवला.

फेब्रुवारी 2025 मध्ये ताई एकट्याच आल्या. म्हणाल्या, "आजींकडं दोन हजार जास्त मिळत्यात. मुलगी चांगली हाय त्यांची, सोडू नका म्हणतीय. तरी सोडणार. आता लिहा तुम्ही."

आणि दीड हजार? "ते पण लिहा."

कागद

काकांच्या एका मित्राचा सल्ला होता, त्र्यंबकला जाऊन एकमेकांना हार घाला, फोटो काढा, झालं. हे करू नका असं मी निक्षून सांगितलं, आणि त्याचं कारण बऱ्याच जणांना माहीत नसतं. हिंदू विवाह कायदा 1955 चं कलम 2(2) सांगतं की केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय हा कायदा अनुसूचित जमातींना लागू होत नाही. ताई आदिवासी, काका नाहीत. देवळात विधी करून पुढे 'हे लग्न कोणत्या कायद्याखाली?' असा प्रश्न निघाला असता तर त्याचा भुर्दंड ताईंनाच पडला असता, तोही काकांच्या पश्चात. विशेष विवाह कायदा 1954 मध्ये हा घोळ राहत नाही.

त्या कायद्याखाली दोघांपैकी कोणाचाही जोडीदार हयात नसावा लागतो, म्हणजे दोन मृत्यू दाखले हवेत. काकूंचा होता. ताईंच्या नवऱ्याचा नव्हता. 2014 साली पाड्यावर गेलेल्या माणसाची नोंद कोणी केलीच नव्हती. एका वर्षानंतरच्या नोंदीला दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या 2023 च्या दुरुस्तीनंतर हे अधिकार जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आले आहेत. सप्टेंबरमध्येच, सहा महिन्यांच्या अटीबरोबर, आम्ही हा अर्ज करायला लावला होता. लग्न होवो न होवो, तो कागद ताईंकडे असायलाच हवा होता. ग्रामपंचायतीचा 'नोंद आढळत नाही' असा दाखला, दोन शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं, पोलीस पाटलाचा जबाब. डिसेंबरात दाखला आला.

त्या दाखल्यावरून मला जो संताप आला तो इथे नोंदवते. हाच कागद नसल्यामुळे ताईंना इतकी वर्षं संजय गांधी निराधार योजनेचं विधवेचं अनुदान मिळालं नव्हतं. विधवा असल्याचा पुरावा त्यांच्या हातात पडला तो दुसऱ्या लग्नाच्या तोंडावर.

दुसरा कागद निवृत्तिवेतनाचा. 2006 मध्ये प्रेस सरकारी कंपनीकडे गेली, पण तसा पर्याय दिलेल्या जुन्या नोकरदारांचं निवृत्तिवेतन केंद्र सरकारच्या नियमांनीच चालतं, आणि काका त्यांतले. निवृत्तीनंतर केलेल्या लग्नातल्या जोडीदारालाही कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच स्पष्ट केलेलं आहे. शेवटच्या मूळ वेतनाच्या 30 टक्के, सध्या किमान 9,000 रुपये, वर महागाई भत्ता. त्यासाठी लग्नाची नोंद आणि निवृत्तिवेतनाच्या आदेशात पत्नी म्हणून नाव, एवढं हवं. यात मुलांच्या वाट्याचं काहीच कमी होत नव्हतं. कमावत्या, पंचविशी ओलांडलेल्या मुलांना ते तसंही मिळणार नव्हतं. ताईंच्या म्हातारपणाची सोय घराला हात न लावता होत होती, आणि ही गोष्ट पुढे सगळ्यात उपयोगी पडली.

मुलं

मार्चअखेर विवाह अधिकाऱ्यांकडे नोटीस दिली. नोटीस फलकावर लागते, 30 दिवस हरकतीसाठी. कॉलनीतल्या कोणीतरी तिचा फोटो काढला आणि तो सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून बंगळूरला पोचला. काका मुलांना येत्या रविवारी सांगणार होते. मुलाला ते शुक्रवारीच कळलं.

त्याने लेखी हरकत घेतली: आईच्या मृत्यूनंतर वडिलांची मानसिक अवस्था ठीक नाही, त्यांना निर्णयाचं भान नाही. विशेष विवाह कायद्यात हरकत कलम 4 मधल्या अटींवरच घेता येते, आणि संमती देण्याची मानसिक क्षमता ही त्यांतली एक. 'आम्हाला पसंत नाही' ही हरकत होत नाही. अधिकाऱ्याला 30 दिवसांत चौकशी करून निर्णय द्यावा लागतो, आणि हरकत खोडसाळ निघाली तर हरकत घेणाऱ्याला एक हजार रुपयांपर्यंत भरपाई लावता येते. रक्कम आज हास्यास्पद आहे. काकांना मात्र पैशांपेक्षा तो शब्द लागला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधलेल्या माणसाला स्वतःच्या डोक्याचा दाखला आणायला लावला होता. त्यांनी डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणलं, अधिकाऱ्यांसमोर जबाब दिला. मग मी मुलगा आणि मुलगी दोघांना नाशिकला बोलावलं.

मुलाचं म्हणणं सरळ होतं: लग्न करा, पण आधी फ्लॅट आमच्या नावावर बक्षीसपत्राने करून द्या. मुलांना राहतं घर बक्षीस द्यायला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क 200 रुपये, त्यामुळे ही सूचना आजकाल फार सहज येते. मी विरोध केला. बक्षीसपत्र केलं की वडील स्वतःच्या घरात पाहुणे. सांभाळण्याची अट त्यात लिहिलेली असेल तर ज्येष्ठांसाठीच्या 2007 च्या कायद्याचं कलम 23 बक्षीसपत्र रद्द करून घ्यायला आधाराला येतं, पण त्यासाठी सत्तरीच्या माणसाने पोटच्या मुलांविरुद्ध न्यायाधिकरणात जायचं.

मग फ्लॅटचे कागद उघडले. फ्लॅट काका-काकू दोघांच्या नावावर. काकूंचं मृत्युपत्र नव्हतं. म्हणजे त्यांचा अर्धा हिस्सा नवरा, मुलगा आणि मुलगी यांच्यात सारखा वाटला गेला होता, प्रत्येकी फ्लॅटचा सहावा भाग. जो फ्लॅट नावावर करून मागत होता त्याचा सहावा हिस्सा 2021 पासून त्याचाच होता, आणि तितकाच बहिणीचाही. ते कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. काकांकडे उरले सहापैकी चार भाग. त्यांनी काहीच लिहून न ठेवता डोळे मिटले असते तर तेवढ्याचे तीन वाटे पडले असते, आणि ताईंच्या वाट्याला फ्लॅटच्या नऊपैकी दोन भाग आले असते. 'अर्धं घर ती नेणार' हे त्याच्या मनातलं चित्र होतं. कागदावर आकडे मांडल्यावर त्याचा आवाज खाली आला. वारसा कायद्यालाही आदिवासींबाबत तसाच अपवाद आहे, त्यामुळे वादाला फट ठेवायचीच नाही असं ठरलं. काकांनी मृत्युपत्र केलं: त्यांचा हिस्सा मुलांना सारखा, पण ताईंना हयातभर त्या घरात राहण्याचा हक्क. आपापल्या हिश्शापुरती तशीच संमती मुलांनी लिहून दिली. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नसते, दोन साक्षीदार पुरतात, पण इथे नोंदणी केली आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडलं. मुलाने हरकत मागे घेतली.

मुलगी या सगळ्यात एक शब्द बोलली नव्हती. आकडेमोड संपल्यावर तिने ताईंकडे न बघता मला विचारलं: "आई अंथरुणावर असताना हे चालू होतं का?"

मी गप्प राहिले. वकिलाने उत्तर द्यावं असा हा प्रश्न नाही. काका बोलायला गेले, त्यांना शब्द सुचेनात. उत्तर ताईंनी दिलं. "तुमच्या आईला मी उचललंय, पुसलंय, कूस बदललीय, रात्री दोन-दोन तासांनी. त्या असताना दुसरं काही डोक्यात यायला जागाच नव्हती. कंबर मोडायची माझी." थोडं थांबून म्हणाल्या, "त्यांची पाठ शेवटपर्यंत कोरी होती. बघितली ना तुम्ही आंघोळ घालताना."

मुलीने बघितली होती. ती रडली नाही, माफीही मागितली नाही. आईच्या साड्यांचं कपाट आणि देवघरातली समई ती नेईल, एवढं म्हणाली. काका लगेच हो म्हणाले. ताई म्हणाल्या, पितळी डबेही न्या, ते तुमच्या आजीचे आहेत.

जात या बैठकीत एकदाही तोंडावर आली नाही. आडून मात्र रोज येत होती. 'त्यांचं खाणंपिणं वेगळं', 'आपल्याकडे कार्याला कोण येईल', 'उद्या पाड्यावरची माणसं मुक्कामाला येतील'. सोसायटीत एकाने काकांना सुचवलं होतं की बाईंना घरी ठेवा, सांभाळा, पण लग्न कशाला? ठेवण्यात अब्रू जात नव्हती, नोंदवण्यात जात होती.

पाडा

ताईंच्या माणसांना दुसऱ्या लग्नाचं काही वाटलं नाही. विधवेने पाट लावणं तिकडे रीतीतलंच. वाईट वाटलं ते जमातीबाहेर जाण्याचं, आणि त्याहून जास्त भीती जमिनीची. वनहक्काचा दावा नवरा-बायको दोघांच्या नावाने होता आणि पट्टाही दोघांच्याच नावाने आला. 2006 च्या वनहक्क कायद्यात तशीच तरतूद आहे. जमीन दीर कसतो. त्याला वाटत होतं, बिगर आदिवासी नवरा आला की उद्या जमिनीत शिरणार. बायकोच्या नावाआडून जमिनी गेल्याच्या गोष्टी त्या भागात आजोबांपासून ऐकत आलेले आहेत, त्यामुळे त्याला वेड्यात काढण्यात अर्थ नव्हता. मी त्याला सांगितलं, वनपट्टा वारसाने पुढे जातो, विकता किंवा दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. त्याला कायदा पटला, काका पटले नाहीत. ताईंनी मग मुलाच्या नावाची वारस नोंद आधी करायचं ठरवलं. दीर तेवढ्यावर थांबला. लग्नाला आला नाही.

गंमत अशी की बंगळूरच्या मुलाची आणि सुरगाण्याच्या दिराची तक्रार शब्दशः एक होती: लग्नाच्या नावाखाली आमची मालमत्ता जाईल. त्यांची गाठ घालून द्यावी असं मला क्षणभर वाटलं होतं.

लग्न आणि नंतर

नोटिशीची मुदत तीन महिन्यांची असते. जूनच्या पहिल्या आठवड्यात नोंदणी झाली. साक्षीदार तीन लागतात: ताईंचा मुलगा, काकांचा तो त्र्यंबकवाला मित्र आणि माझी सहकारी. 'कायदेशीर पती म्हणून स्वीकार करते' ही ओळ ताईंनी समोरच्या कागदावरून वाचून म्हटली, एकेक अक्षर लावत, आणि अधिकारी घाईत असूनही थांबले. काकांचा मुलगा आला नाही, त्याने दोघांना फोन केला. मुलीने फोनही केला नाही. दिवाळीत पुण्याहून येऊन ती तासभर बसून गेली, फराळाला हात लावला.

लाडकी बहीणचा लाभ ताईंनी अर्ज देऊन बंद केला. ठरलेली रक्कम दर महिन्याच्या पाच तारखेला त्यांच्या खात्यात येते. निवृत्तिवेतनाच्या आदेशात नाव लागलं. जेवणाचं मात्र जमलेलं नाही. ताईंना भाकर आणि उडदाचं भुजं लागतं, काकांना पोळी-वरण, त्यामुळे दोन्ही होतं आणि पोळ्या काका लाटतात. त्या वेड्यावाकड्या होतात असं दोघंही सांगतात. ताई अधूनमधून गंगापूर रोडच्या आजींकडे जाऊन येतात, गरज पडली तर आठ-पंधरा दिवस काम करतात, पगार घेऊन. काकांना ते आवडत नाही. मी त्यांना सांगितलंय की ते तसंच चालू द्या.

वनपट्ट्यावरच्या नोंदीचं काम अजून पडून आहे. ताई महिन्या-दोन महिन्यांनी सुरगाण्याला फेरी मारतात. काका बसमध्ये बरोबर असतात, पण कचेरीत शिरत नाहीत. दिराला ते नको आहे, आणि ताईंनाही.